बिनदुधाचं ताट, कमी खर्चाचं ताट : जुन्नर-आंबेगावच्या स्वयंपाकघरातला पोषणाचा धडा



पालकसभेत आहाराचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई, पोरांना प्रथिनं द्या म्हणता, पण पनीर परवडत नाही, बदाम परवडत नाहीत. दूध होतं ते सकाळी डेअरीला जातं. मग द्यायचं काय?" प्रश्न अगदी खरा आहे. आपल्या भागात गोठ्यात गाय आहे, पण दुधाच्या पगारावर घर चालतं म्हणून पोरगं कोरा चहा पिऊन शाळेत येतं, अशी घरं आहेत. गोठाच नाही अशी घरंही आहेत. या दोन्ही घरांतल्या आईबापांच्या मनात एक सल असतो : आपण मुलाला कमी पडतोय.

या लेखात एवढंच समजून घ्यायचं आहे की दूध-तूप-पनीर नसलेलं ताट आपोआप निकृष्ट होत नाही. ते नीट जुळवलं तर मुलाची वाढ चांगली होते आणि खर्चही आटोक्यात राहतो. जुळवायचं कसं, ते पायरीपायरीने पाहू. आणि अशा ताटात एक गोष्ट खरोखरच कमी पडते, तीही लपवून न ठेवता सांगणार आहे.

व्हीगन म्हणजे काय?

हल्ली मोबाईलवर 'व्हीगन' हा शब्द सारखा दिसतो. शाकाहारी माणूस मांस, मासे खात नाही, पण दूध, दही, तूप, ताक घेतो. व्हीगन माणूस प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही, म्हणजे दूध नाही, तूप नाही, अंडं नाही आणि मधही नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तयार केला.

शब्द परका असला तरी ताट परकं नाही. बाजरीची भाकरी, मटकीचं कालवण, मिरचीचा ठेचा, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी हे ताट डोळ्यांसमोर आणा. यात दुधाचा थेंब आहे का? नाही. म्हणजे आपल्या आजीने तो शब्द कधी ऐकला नसला तरी तिची निम्मीअधिक जेवणं व्हीगनच होती.

शहरातल्या दुकानात व्हीगन म्हणून बदामाचं दूध, टोफू, परदेशी बिया असं महागडं सामान मिळतं. ते पाहून वाटतं, हा श्रीमंतांचा शौक. आपल्याला त्यातलं काहीच लागत नाही. 'फ्लेक्स सीड' म्हणून छोट्या पाकिटात जे विकतात, ते आपलं जवस. आठवडे बाजारात ते मापाने मिळतं.

आपले तालुके, आपलं धान्य

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहिले तर तीन पट्टे दिसतात.

पश्चिमेला सह्याद्री. घाटघर, आंबे-हातवीज, आहुपे, भीमाशंकरचा परिसर. पाऊस भरपूर. इथे भात, नाचणी, वरई आणि खुरासणी. खुरासणीला काही जण कारळे म्हणतात. पावसाळ्यात रानभाज्या.

मध्ये कुकडी, मीना आणि घोड नदीचा बागायती पट्टा. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे या धरणांचं पाणी. कांदा, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर, ऊस, द्राक्षं. नारायणगावचा टोमॅटो बाजार आणि सातगाव पठाराचा बटाटा तर सगळ्यांना माहीत आहे.

पूर्वेला बेल्हे, आणे पठार, तिकडे आंबेगावात लोणी-धामणीकडचा कमी पावसाचा भाग. इथे बाजरी, मटकी, हुलगा, मूग. हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ.

आता तिन्ही पट्टे एका ताटात ठेवा. पूर्वेची बाजरी-मटकी, मधल्या पट्ट्यातलं माळवं, पश्चिमेची नाचणी-खुरासणी. एका मुलाला जे लागतं त्यातलं बहुतेक सगळं ताटात आलं. भूगोलाच्या तासाला पिकांचा नकाशा शिकवताना हेच ताट फळ्यावर काढता येईल.

आणे गावच्या रंगदास स्वामींच्या यात्रेतला आमटी-भाकरीचा महाप्रसाद आपल्याकडे प्रसिद्ध आहे. त्या पंगतीत गरीब-श्रीमंत शेजारी बसून तेच खातात. यात्रेत ज्या जेवणाला आपण महाप्रसाद म्हणतो, ते घरी रोज असलं तर 'नुसती आमटी-भाकरी' का म्हणायचं?

शाळेच्या खिचडीचं माप काय सांगतं?

शालेय पोषण आहार आपण रोज वाटतो. केंद्राची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि २०२१ पासून तिचं नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' आहे. पहिली ते पाचवीच्या एका मुलासाठी रोजचं माप असं :

- धान्य १०० ग्रॅम
- डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम
- भाजी ५० ग्रॅम
- तेल ५ ग्रॅम

यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा आहे. सहावी ते आठवीसाठी धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल ७.५ ग्रॅम, त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

हे माप नीट वाचा. यात दूध नाही, तूप नाही, पनीर नाही. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं असतात. २० ग्रॅम डाळीत साडेचार ग्रॅमच्या आसपास. भाजीतून थोडी. बेरीज १२ च्या घरात जाते. म्हणजे नुसत्या धान्य-डाळीतून एका वेळच्या जेवणाचा हिशोब बसतो. फक्त डाळ मापाप्रमाणे पडली पाहिजे. घरीही अडचण इथेच येते : भात वाढतो आणि आमटी पातळ होत जाते.

पैसे कुठे खर्च करायचे?

अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य रेशनवर मिळतं. म्हणजे ज्यांचं कार्ड आहे त्यांच्या ताटातला तांदूळ-गव्हाचा मोठा भाग तिथून येतो. मग बाजाराला जाताना खिशातला पैसा कशावर खर्च करायचा? कडधान्य, शेंगदाणे-तीळ आणि पालेभाजी यांवर. कारण रेशनच्या पिशवीत कमी असतं ते हेच.

आता एक गणित करू. एका रुपयात किती प्रथिनं मिळतात? दर रोज बदलतात, म्हणून खालचे दर 'समजा' म्हणून घेतले आहेत. तुम्ही आपल्या दुकानातले दर घालून पुन्हा करा.

- सोयाबीन वडी : १४० रुपये किलो, किलोत सुमारे ५०० ग्रॅम प्रथिनं. एका रुपयात साधारण ३.६ ग्रॅम.
- हुलगा : १०० रुपये किलो, सुमारे २२० ग्रॅम. एका रुपयात २.२ ग्रॅम.
- मटकी : १२० रुपये किलो, सुमारे २३० ग्रॅम. एका रुपयात १.९ ग्रॅम.
- शेंगदाणे : १५० रुपये किलो, सुमारे २५० ग्रॅम. एका रुपयात १.७ ग्रॅम.
- दूध : ५० रुपये लिटर, सुमारे ३२ ग्रॅम. एका रुपयात ०.६ ग्रॅम.
- पनीर : ४०० रुपये किलो, सुमारे १८० ग्रॅम. एका रुपयात ०.४५ ग्रॅम.
- बदाम : ९०० रुपये किलो, सुमारे २०० ग्रॅम. एका रुपयात ०.२ ग्रॅम.

दर थोडे इकडेतिकडे झाले तरी क्रम फारसा बदलत नाही. ज्या हुलग्याला आपण गुरांचं खाणं म्हणून बाजूला सारलं, तो पनीरच्या चौपट-पाचपट स्वस्तात प्रथिनं देतो.

भाकरी आणि कडधान्य ही जोडी का?

प्रथिनं म्हणजे एक माळ समजा. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. त्यातले काही मणी शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. बाजरी, गहू, तांदूळ यांत 'लायसिन' नावाचा मणी कमी असतो. कडधान्यात तो भरपूर असतो, पण 'मेथिओनिन' कमी असतो, आणि तो धान्यात पुरेसा असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. भाकरी-मटकी, वरण-भात, खिचडी, पिठलं-भाकरी या सगळ्या जोड्या त्याच हिशोबाच्या आहेत. दोन्ही एकाच घासात हवेत असंही नाही. सकाळी भाकरी-भाजी आणि संध्याकाळी आमटी-भात असेल तरी चालतं, दिवसभरात दोन्ही पोटात जायला हवेत.

आता चौघांच्या एका जेवणाचा हिशोब पाहू. बाजरीचं पीठ ६०० ग्रॅम, मटकी २०० ग्रॅम, शेंगदाण्याची चटणी ४० ग्रॅम दाण्यांची, तेल दोन चमचे, कांदा-टोमॅटो. बाजरी ४० रुपये किलो धरली आणि बाकीचे दर वरचेच घेतले, तर हे जेवण साधारण ७० रुपयांत होतं. माणशी १७-१८ रुपये. प्रथिनं सगळी मिळून १२० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माणशी ३०. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसभरात सुमारे २३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. मूल अर्थातच मोठ्यांपेक्षा कमी खाईल, आणि वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात. तरी दोन वेळच्या अशा जेवणात त्याची गरज आरामात भागते.

लोह : रक्त वाढवणारी युक्ती

बाजरीत १०० ग्रॅमला ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असतं. हुलग्यातही साधारण तेवढंच. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. पण धान्य-कडधान्यातलं लोह शरीर सहज घेत नाही. त्यासाठी चार सवयी लावाव्यात. चारही फुकट किंवा अगदी स्वस्त आहेत.

१. जेवणात आंबट काहीतरी हवं. लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, आवळा, पेरू. यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. नारायणगावला टोमॅटोचा भाव पडतो तेव्हा तर डब्यात रोज एक टोमॅटो द्यायला काहीच हरकत नाही.

२. जेवणाबरोबर चहा नको. चहामुळे लोहाचं शोषण कमी होतं. जेवणाआधी आणि नंतर तासभर अंतर ठेवा. 'चहा-चपाती' हा नाश्ता आपल्याकडे फार रुळलाय, तो बदलायला हवा. त्याऐवजी रात्रीची भाकरी कुस्करून, कांदा-दाणे घालून फोडणी दिली तर दहा मिनिटांत नाश्ता होतो.

३. कडधान्याला मोड आणा. भिजवून मोड आणले की लोह अडवून धरणारा घटक कमी होतो, शिजायला गॅसही कमी लागतो. मटकी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. लहान मुलांना मोड कच्चे देऊ नका, वाफवून द्या.

४. लोखंडी तवा, लोखंडी कढई वापरा. टोमॅटो किंवा चिंच घातलेली आंबट भाजी लोखंडी कढईत केली की थोडं लोह भाजीत उतरतं. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर ती काळी पडते.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात, लहान मुलांना गुलाबी आणि १० वर्षांपुढच्यांना निळी. ती जेवणानंतर घ्यायची आणि चुकवायची नाही. ताट कितीही चांगलं असलं तरी गोळी हवीच.

कॅल्शियम : दुधाशिवाय हाडं कशी भक्कम होणार?

गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, हुलग्यात पावणेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात तीनशेहून जास्त. बिनसोललेल्या तिळात तर हजाराच्या वर. १०० ग्रॅम तीळ कुणी खात नाही हे खरं, पण एक मोठा चमचा तीळ चटणीत गेले तरी शंभरभर मिलिग्रॅम येतं. दुधातलं कॅल्शियम शरीर जास्त सहज घेतं, तीळ-नाचणीतलं थोडं कमी. म्हणून एका दिवसापुरतं नको, रोज काहीतरी हवं : आज नाचणीची भाकरी, उद्या तिळाची चटणी, परवा शेवग्याच्या पाल्याची भाजी. आणि मुलांना उन्हात खेळू द्या. ड जीवनसत्त्वाशिवाय हे कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही.

चार पदार्थ : सगळे आपले, सगळे बिनदुधाचे

*शेंगोळे.* हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ, हळद. घट्ट मळायचं. हातावर वळून लांबट वळ्या किंवा कडी करायची. कढईत लसणाची फोडणी, त्यात पाणी, उकळी आली की शेंगोळे सोडायचे. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून तेच रश्श्यात ओतायचं, रस्सा दाट होतो. एकाच भांड्यात जेवण तयार. वळ्या वळायला मुलांना बसवा, आवडीने करतात.

*हुलग्याचं माडगं.* हुलगे भाजून भरडून पीठ करून ठेवायचं. पाण्यात कालवून शिजवायचं, गूळ आणि चिमूटभर सुंठ घालायची. थंडीत, सर्दीत गरमगरम प्यायला उत्तम. बाजारातल्या डब्यातल्या पावडरींना हा आपला स्वस्त पर्याय आहे आणि तो करायला दूध लागत नाही.

*तीळ-जवस-खुरासणीची चटणी.* तिन्ही वेगवेगळं भाजायचं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून कुटायचं. कोरड्या बरणीत आठ-पंधरा दिवस टिकते. भाकरीला तूप लावायला नसेल तर या चटणीवर कच्च्या तेलाची धार. तुपातून ऊर्जा मिळते, तीच इथे तेलबियांतून मिळते. लहान मुलांचं पोट छोटं असतं, थोडक्या घासांत ऊर्जा जावी लागते, म्हणून त्यांच्या ताटात दाण्याचं कूट आणि चटणी हवीच. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात.

*मासवडी.* नाव मासवडी, पण मासा कुठेच नाही. जुन्नर-आंबेगावची ही शान. बेसन फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, गुंडाळी करून वड्या पाडायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. पाहुणे आले, माळकरी मंडळी आली, तरी पाहुणचारात काही कमी पडत नाही. सणाच्या दिवशी पनीरच हवं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मासवडीकडे पाहावं.

बाजरीबद्दल एक सूचना. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं. चार-सहा दिवस पुरेल एवढंच दळून आणा, म्हणजे मुलं भाकरीला नाक मुरडणार नाहीत.

आठवड्याचा साधा तक्ता

- सोमवार : मोड आलेल्या मटकीचं कालवण, बाजरीची भाकरी, टोमॅटो
- मंगळवार : मेथीची डाळ घालून भाजी, चपाती, दाण्याची चटणी
- बुधवार : शेंगोळे, भाकरी, लिंबू
- गुरुवार : पिठलं, नाचणीची भाकरी, कांदा
- शुक्रवार : सोयाबीन वडी आणि बटाट्याचा रस्सा, भात
- शनिवार : मुगाची खिचडी, तिळाची चटणी, पेरू
- रविवार : मासवडी किंवा हरभऱ्याची उसळ, भाकरी, पालेभाजी

पालेभाजी हंगामाची घ्या. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी जुड्या स्वस्त मिळतात. दारात शेवग्याचं एक झाड आणि मोरीच्या पाण्यावर चार अळूची पानं, एवढी परसबाग कुठेही होते. पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी, करटोली मिळतात. रानभाजी मात्र जाणत्या माणसाच्या हातूनच घ्या, कारण दिसायला सारख्या पण विषारी वनस्पतीही असतात.

ब-१२ : इथे तडजोड नाही

आता सुरुवातीला म्हटलेली कमतरता. ब-१२ हे जीवनसत्त्व भाकरी, डाळ, पालेभाजी यांतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. ते दीर्घकाळ कमी पडलं तर रक्त कमी होतं, थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, लक्ष लागत नाही. वर्गात सतत पेंगणारं मूल आळशीच असेल असं नाही.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगते. ज्यांनी विचारपूर्वक प्राणिजन्य अन्न पूर्ण सोडलं आहे, त्यांनी स्वतः आणि मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी किंवा औषध घेतलंच पाहिजे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईने तर नक्कीच, कारण तिचं कमी पडलं की बाळाचंही कमी पडतं. आणि ज्यांच्या घरी दूध निव्वळ पैशाअभावी मुलांपर्यंत पोचत नाही, त्यांना विनंती : किटली डेअरीला जायच्या आधी मुलासाठी एक कप बाजूला काढा. एका कपाने दुधाचा पगार फारसा कमी होणार नाही. प्रथिनं आपण हुलग्यातून भागवू शकतो, पण ब-१२ ची भरपाई हुलगा करू शकत नाही.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. गणित (चौथी-पाचवी) : 'एका रुपयात किती प्रथिनं?' मुलांनी गावातल्या दुकानातून पाच वस्तूंचे दर लिहून आणायचे आणि भागाकार करायचा. पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाचं वजन आणि मागच्या बाजूचा पोषणतक्ताही वाचायचा.

२. परिसर अभ्यास : मटकी, मूग, हुलगा यांना मोड आणून रोजची नोंद. कुणाला आधी मोड आले, थंडीत किती वेळ लागला.

३. मराठी : आजीची मुलाखत. "तुमच्या लहानपणी दुष्काळात काय खायचात?" अशा पाच प्रश्नांतून माडगं, कढण, कोरड्यास, घुगऱ्या असे कितीतरी शब्द वहीत येतात.

४. शाळेची परसबाग : शेवगा, अळू, तांदूळजा, टोमॅटो. निघालेली भाजी थेट खिचडीत.

हे उपक्रम घेताना एक पथ्य पाळूया. कुणाच्याही ताटाला नावं ठेवायची नाहीत. वर्गात माळकरी घरचं मूल असतं, पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे-मासे खाणाऱ्या आदिवासी घरचंही असतं. एकाला 'शुद्ध' म्हटलं की दुसरा डबा झाकून खातो. मासे-अंडी खाणाऱ्या मुलाला ब-१२ तिथूनच मिळतं, हेही लक्षात असू द्या. आपण बिनदुधाच्या ताटाबद्दल बोलतोय ते कुणाचं काही सोडवायला नाही, तर ज्यांच्याकडे तेवढंच आहे त्यांना ते नीट जुळवता यावं म्हणून.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

धान्याबरोबर कडधान्य, आमटी दाट. मोड आणि लिंबू. रोज एक पालेभाजी, एक चमचा तीळ किंवा दाण्याचं कूट. जेवताना चहा नाही. आणि ब-१२ साठी एक कप दूध, किंवा अंडं, किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी.

पुढच्या पालकसभेत आहाराची माहिती देताना पनीर-बदामाचं चित्र असलेला तक्ता बाजूला ठेवा आणि टेबलावर वाटीभर हुलगे, वाटीभर मटकी, मूठभर तीळ आणि एक लिंबू मांडा. दर विचारा, हिशोब पालकांनाच करू द्या. हिशोब स्वतः केला की तो घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात दिसतो.